बुडवून ठेवलेल्या होड्या

सोनपिंपरीच्या तलावावर कायदा आणला तो शहादेवनं. भोईवस्तीत हे कुणीही सांगेल. फक्त शहादेव जवळपास बसलेला असेल, तर सांगणारा घसा साफ करून भलतंच काही बोलू लागेल. माणसं तेवढी भली आहेत, आणि शहादेवला त्यांच्या शिव्यांपेक्षा हा भलेपणाच जास्त बोचतो.

तलाव काही फार मोठा नाही. बीडहून परळीकडं जाताना एसटी एका चढावर दम खाते, तिथून डाव्या हाताला पाण्याची पांढुरकी रेघ दिसते, तोच. बांध घातला तेव्हा नदीकाठची भोयांची घरं उठली आणि वरच्या माळावर येऊन बसली. नदी गेली, तलाव आला. मासे थोडेबहुत मिळत होतेच, पण चार-सहा पावसाळ्यांत तळाच्या गाळात शिंपला असा माजला की लोक मासे विसरले. होडीतून लांब बांबूला लोखंडी पंजा लावून तो वर ओढायचा, काठावर मोठ्या पातेल्यात उकळायचा, आतला मऊ भाग कोंबड्यांना घालायचा, आणि शिंपा वाळवून परळीच्या नागप्पाला द्यायच्या. नागप्पाची चुन्याची भट्टी होती. अर्ध्या जिल्ह्याच्या पानाला सोनपिंपरीचा चुना लागत होता, आणि हे खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

मग देशाचा बाजार बाहेरच्यांना खुला झाला, असं रेडिओवर सांगू लागले. त्याचा सोनपिंपरीशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण जपानात म्हणे मोती पिकवतात, आणि त्या मोत्याच्या पोटात ठेवायचा मणी अशाच जाड शिंप्याचा कापावा लागतो. कुणीतरी ही बातमी आणली आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात तलावावर परकी माणसं आली. पाणी उतरलं की शिंपला उथळाला उघडा पडतो. त्यांनी ट्रॅक्टरच्या मागं लोखंडी दाताळं बांधली आणि गाळ नांगरल्यासारखा ओढून काढला. नखाएवढा शिंपलासुद्धा सोडला नाही. जो निर्यातीला चालला नाही तो काठावर तसाच टाकून गेले. महिनाभर वस्तीला वास पुरला.

शहादेव वस्तीतला एकटाच सातवी पास. मच्छीमार सोसायटीचं अध्यक्षपद त्याच्याकडं आलं ते त्यामुळंच, आणि त्यानं ते मनाला लावून घेतलं होतं. उन्हाळ्यात तलाव बंद ठेवा, चार बोटांहून लहान शिंपला काढू देऊ नका, आणि इथल्या जुन्या, धडधाकट होड्यांखेरीज दुसऱ्या कुणाला पाण्यात उतरू देऊ नका, असा अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. पुढची दोन वर्षं तो अर्ज घेऊन बीडला खेटे घातले. धोतर धुवून, टोपी घालून निघायचा.

सटवा त्याचा चुलतभाऊ. वयानं दहा वर्षांनी लहान, तोंडानं मोठा. स्टँडकडं निघालेल्या शहादेवला तो हमखास आडवा यायचा.

"दादा, परत चालला का? कोल्ह्यानं कोंबडी नेली म्हणून वाघाला राखणीला बोलवायला?"

"वाघ न्हाई बे. सरकार हाय."

"मग तर लईच चांगलं."

बसलेली माणसं हसायची. शहादेवलाही हसू यायचं, पण तो दाखवायचा नाही.

तिसऱ्या वर्षी माघात कायदा आला. अर्जात जे जे मागितलं होतं ते ते त्यात होतं. मरीआईच्या देवळापुढं माणसं जमली आणि शहादेवनं तो मोठ्यानं वाचला. शिंपला काढायला आता परवाना लागणार. परवाना या तलावावरच्या जुन्या, धडधाकट होडीलाच मिळणार, आणि होडी साहेबांनी समक्ष मोजून पसंत करायची. चैत्र ते ज्येष्ठ बंदी. बंदीत पाण्यावर होडी दिसली तर जप्त. इतकी वर्षं छापील कागदावर तो दुसऱ्याचं वाचत आला होता. हा पहिला कागद, ज्यात त्याचं स्वतःचं म्हणणं होतं.

"बंदीत होडी दिसली तर जप्त," सटवा म्हणाला. "म्हंजे आपल्याला भ्याच न्हाई. आपली होडी बंदीत कुणाच्या बापाला दिसती?"

ते खरं होतं. भोयांच्या होड्या सागवानी. बीडचं ऊन असं की चैत्रातच लाकूड सुकून फळ्यांचे सांधे उघडतात, कापूस आणि डांबर भरलेलं सगळं गळून पडतं. म्हणून पाडवा झाला की नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळद लावायची, होडीत दगड भरायचे आणि बांधाच्या कडेला, जिथं पाणी कधी आटत नाही, तिथं ती बुडवून ठेवायची. होडी निजवली, असं म्हणतात. मृगाचा पाऊस झाला की दगड काढून उठवायची. पाण्याखालचं लाकूड फुगून सांधे गच्च बसतात आणि होडी नव्यासारखी निघते. मधले महिने भोई उतरलेल्या पाण्याच्या गाळात टरबूज लावतात. नदी होती तेव्हापासूनची ही रीत. ती अर्जात लिहावी असं शहादेवला कधी वाटलं नाही. श्वास घेतो हे कुणी अर्जात लिहितं का?

त्या पाडव्यालाही बाराच्या बारा होड्या निजवल्या. त्या वर्षी तर जास्तच मनापासून, कारण आता ही रीत राहिली नव्हती, कायदा झाला होता, आणि तोही आपला.

वैशाखात जीप आली. नवे साहेब, सुंदरराव. वयानं पन्नाशीच्या आसपास, अंगानं बारीक, डोक्याला रुमाल. आधीची सगळी नोकरी समुद्रकाठी झालेली, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर या तापल्या तव्यावर आणून टाकलं, असा चेहरा. बरोबर एक कारकून आणि टेप. माणूस वाईट नव्हता. उतरल्या उतरल्या त्यानं पाणी मागितलं आणि आणून देणाऱ्या जानकीबाईला, म्हणजे शहादेवच्या बायकोला, "बसा ताई, उन्हात उभ्या राहू नका," म्हणाला.

"अध्यक्ष, होड्या दाखवा."

"पाण्यात हायत साहेब."

सुंदररावांनी रुमाल काढला. "बंदी आहे ना?"

"हाय की. म्हणूनच."

"म्हणूनच पाण्यात?"

"पाण्यावर न्हाईत साहेब. पाण्याखाली हायत. बुडवल्यात."

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. ते बांधाच्या कडेपर्यंत गेले, वाकून पाहिलं. उन्हाळ्यातलं पाणी चहासारखं, वीतभर खालचं दिसत नव्हतं. शहादेवनं रीत समजावून सांगायला सुरुवात केली. पण साहेबापुढं बोलताना त्याचं मराठी पुस्तकी व्हायचं आणि जे सांगायचं ते मधल्या मधे हरवायचं. ते बघून सटवानं सदरा काढला आणि उडी मारली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाण्याखालून लाकडावर थाप मारल्याचा आवाज आला, ढप्प, ढप्प. सटवा वर आला, श्वास घेऊन म्हणाला, "ही दादाची. आता माझी वाजवतो." आणि परत गेला.

पाचव्या होडीला साहेबांनी हात वर केला.

"अहो, आवाजाला लांबी-रुंदी नसते. मला टेप लावायचाय. आमच्याकडं बंदीत होड्या काठावर ओढून, नारळाचे झाप घालून ठेवतात. पाण्यात बुडवलेल्या मी कशा लिहू? जुन्या बुडालेल्या होड्या आहेत, असं लिहू?"

"बुडालेल्या न्हाईत, बुडवलेल्या," शहादेव म्हणाला.

"रजिस्टरात दोन्ही सारखंच दिसतं, अध्यक्ष."

पलीकडच्या काठावर ट्रकमधून उतरवलेल्या निळ्या होड्या ओळीनं ठेवल्या होत्या. फायबरच्या. त्या एका कंपनीच्या होत्या, आणि कंपनीचं म्हणणं असं की आम्हीही तीन वर्षांपासून या तलावावर आहोत. ते खरंही होतं. ट्रॅक्टर त्यांचेच होते. साहेब सकाळी आधी तिकडं गेले होते. त्या होड्या मोजून झाल्या होत्या.

जाताना सुंदररावांनी शहादेवला बाजूला घेतलं. "हे बघा, मी तुमच्यासाठी एवढं करतो. आज काही लिहीत नाही. होड्या वर काढा, काठावर कोरड्या ठेवा. सोमवारी परत येतो. पण परत पाण्यात टाकू नका. बंदीत पाण्यात सापडली तर मला जप्त करावी लागेल, मग माझा इलाज नाही."

शहादेवनं हात जोडले. साहेबांनी आपल्यासाठी नियम थोडा वाकवला, याचं त्याला भारी वाटलं.

त्या संध्याकाळी देवळापुढं पहिल्यांदाच त्याच्यासमोर आवाज चढले. वैशाखात होडी उठवायची म्हणजे झोपलेलं लेकरू उन्हात निजवायचं, असं म्हाताऱ्या बायका म्हणाल्या. सटवा म्हणाला, "सोमवारी पहाटे काढू. साहेब येईस्तोवर टेपापुरती वाळंल, मोजली की परत आत."

"आत टाकू नका म्हणलेत."

"त्यांना काय कळतंय? त्यांच्या तिकडं समुद्राची हवा. इथं दगड फुटतो."

"त्यांनी शब्द दिलाय सटवा. आपण मागितलेला कायदा आपणच पहिल्या साली मोडायचा का? मग त्या ट्रॅक्टरवाल्यात आन् आपल्यात फरक काय राहिला?"

शहादेवचं म्हणणं बरोबर होतं. त्याचं म्हणणं नेहमी बरोबर असायचं, म्हणून तर तो अध्यक्ष होता.

दगड काढले. होड्या एकामागून एक काळ्याभोर, पाणी गाळत वर आल्या आणि माळावर ओळीनं उपड्या ठेवल्या. वर तरवड आणि बाभळीच्या फांद्या, फांद्यांवर ओली पोती. सोमवारपर्यंत पोती ओली ठेवायची, एवढंच काम. बायकांनी वाटून घेतलं. टरबुजाच्या वेलांना जायचं पाणी होड्यांवर पडू लागलं.

सोमवार आला, साहेब आले नाहीत. मंगळवारी शहादेव बीडला गेला. साहेब औरंगाबादला मीटिंगला गेलेले. येतील दोन दिवसांत, शिपाई म्हणाला, निरोप ठेवा. त्यानं निरोप ठेवला. दोन दिवसांनी परत गेला, तर साहेबांची जीप निवडणुकीच्या कामाला लागलेली. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, ओशाळून बोलले, त्याला चहा पाजला. "येतो अध्यक्ष, नक्की येतो. होड्या काठावर आहेत ना? पाण्यात नाहीत ना?"

"न्हाईत साहेब."

"शाब्बास," सुंदरराव म्हणाले.

त्या एका शब्दावर तो पुढचे काही दिवस जगला.

पण माळावर दुपारी बारा वाजले की आवाज येऊ लागले होते. आधी बारीक, पापड मोडल्यासारखा. मग मोठा. पोतं भिजवून वळेपर्यंत वाळत होतं. जानकीबाई डोक्यावर घागर घेऊन उभी होती आणि त्यांच्याच होडीची मधली फळी तिच्या देखत उकलली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिनं घागर तिथंच ओतली आणि घरी आली.

"आवं, होडी गेली."

शहादेव अर्जाची नक्कल काढत बसला होता. "किती गेली?"

"किती म्हंजे? फाटली. आता तरी टाका पाण्यात. ज्या उरल्यात त्या तरी टाका."

"साहेब उद्या येणार हायत."

"कोणचा उद्या? तुमच्या साहेबाचा उद्या पंचांगात न्हाई." ती खाली बसली. "माझ्या बापानं त्या होडीसाठी सागाचं झाड दिलंय. कायद्यासाठी न्हवतं दिलं."

तो उठून बाहेर गेला, आणि होडीच्या भेगेत बोट घालून उभा राहिला. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

त्याच दरम्यान नागप्पा आला. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, एका हातात छत्री. तो तलावावर येई तो हिशेबालाच, पण बसायचा घरच्यासारखा. "शरणार्थ, शहादेवराव," म्हणून त्यानं ओट्यावर बैठक मारली आणि माळावरची ओळ बराच वेळ पाहिली.

"हे कावून वाळू घातलंय? पापड करायचेत का?"

शहादेवनं सांगितलं.

नागप्पा हळूच म्हणाला, "मी भट्टीवाला माणूस. मला एवढंच कळतं की आगीजवळ ठेवलेली वस्तू आगीची होऊन जाती. कंपनीचा माणूस माझ्याकडं येऊन गेला. म्हणला, लहान शिंपला आम्हाला लागत न्हाई, तो तुम्ही भट्टीला घ्या, मोठा आम्ही नेऊ. पाऊस पडायच्या आधीच मला माल विचारतोय. त्याला काय ठाऊक असंल, ते तुमी बघा."

"लहान शिंपला काढायला बंदी हाय."

"हाय की," नागप्पा म्हणाला. "चार बोटं, न्हाई का? पण बोटं कुणाची, ते कुठं लिहिलंय?" तो उठला, छत्री उघडली. "मी घेणार न्हाई म्हणलं असतं तर बरं दिसलं असतं. पण भट्टी विझवून मी खाऊ काय? राग धरू नका."

शहादेवनं राग धरला नाही. रागवायचं तर कुणावर, याचा त्याला पत्ताच लागत नव्हता.

सटवानं त्याच रात्री आपली होडी दगड भरून परत पाण्यात टाकली. ओळीत एक जागा मोकळी दिसू लागली. सगळ्यांनी पाहिली. शहादेव सकाळी त्याच्या दारात गेला.

"सटवा, साहेब आले तर जप्त करतील."

"दिसली तर," सटवा म्हणाला. भाकरी खात होता, ताट सरकवून त्यानं जागा केली. "दादा, बस, खा. आन् तू मला बघितलं न्हाई, मी तुला बघितलं न्हाई."

सुंदरराव आले ते ज्येष्ठ लागता लागता. ढग जमू लागले होते, पाऊस नव्हता. या वेळी जीपमध्ये कंपनीचाही एक माणूस होता, चष्म्याचा, सभ्य. त्यानं माळावरची ओळ पाहिली आणि मान दुसरीकडं वळवली, एखाद्याच्या घरी मयत असताना चुकून आल्यासारखी. साहेबांनी पहिल्या होडीवरची फांदी बाजूला केली, दुसरीवरची केली, आणि मग फांद्या काढायचं थांबवून नुसते ओळीतून चालत गेले. काही होड्यांच्या भेगांतून खालचं गवत दिसत होतं.

"अध्यक्ष, हे काय झालं?"

"ऊन लागलं साहेब."

"झाकायच्या ना."

शहादेवला पोती दाखवावीशी वाटली, घागरी दाखवाव्याशा वाटल्या. माळावरच्या बायकांच्या पाऊलवाटा दाखवाव्याशा वाटल्या. पण तो म्हणाला, "पाण्यात टाकल्या आन् चार दिवस राहिल्या तर काही सांधे परत बसतील. पाऊस पडू द्या. मग मोजा."

"मला यादी उद्या वर पाठवायची आहे." सुंदरराव खरोखर कळवळले होते. तसं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "मला आज जे दिसतं तेच लिहिता येतं. धडधाकट होडी, असा शब्द आहे. आणि तो, तुमच्याच अर्जातला आहे."

पंचनामा लिहायला घेतला. कारकून बोलत बोलत लिहीत होता. काठावर अकरा होड्या, सर्व नादुरुस्त, पाण्यावर चालण्यास अयोग्य. खरं होतं. शहादेव मान हलवत राहिला. मग कारकुनानं लेखणी थांबवली.

"तुमच्या सभासदांची याखेरीज दुसरी होडी तलावावर आहे का? आधी बारा सांगितल्या होत्या."

माळावर सगळी वस्ती उभी होती. सटवा बाभळीला टेकून होता, त्याची नजर पाण्याकडं नव्हती, आभाळाकडं होती. शहादेवच्या मनात दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. बोलावं, तर एक तरी धड होडी साहेबांच्या डोळ्यांपुढं येईल, वस्तीला एक तरी परवाना मिळेल. किंवा सांगितलेलं मोडून पाण्यात टाकली म्हणून इथंच जप्त होईल, कंपनीच्या माणसासमोर, आणि दाखवणारा मी असेन. साहेब कोणतं करतील? त्यानं सुंदररावांकडं पाहिलं. ते घड्याळाकडं पाहत होते.

"न्हाई," शहादेव म्हणाला. "दुसरी न्हाई. बारावी मोडली."

जन्मात साहेबापुढं तो पहिल्यांदा खोटं बोलला. आवाज जराही हलला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. कारकुनानं लिहिलं, सभासदांची अन्य कोणतीही होडी तलावावर नाही, आणि कागद पुढं केला. शहादेवनं सही केली. त्याची सही सुंदर होती, सगळे म्हणायचे.

आठवड्यानं पाऊस आला. चांगला आला. अकरा होड्या लोकांनी पाण्यात ओढून पाहिल्या. तीन-चारांचे सांधे बसलेही, पण यादी गेली होती आणि परवाने निळ्या होड्यांना मिळाले होते. वस्तीतल्या लोकांनी फळ्या सुट्या करून कुणी गोठ्याला लावल्या, कुणी चुलीत घातल्या. सटवाची होडी मात्र मृगाला उठली ती सुरेख उठली. दिवस मावळायला आला की तो ती काढायचा, बांधाच्या सावलीनं जायचा, अंधार पडता पडता यायचा. काढलेला शिंपला वस्तीत वाटायचा. शहादेवच्या दारातही टोपलं येऊन पडायचं. जानकीबाई ते आत घ्यायची. टोपलं कुठून आलं, हे तो तिला विचारत नव्हता.

श्रावणात कंपनीच्या राखणदारांनी सटवाला धरलं. होडीसकट काठावर आणलं. सुंदररावांना निरोप गेला आणि या वेळी ते त्याच दिवशी आले.

होडी वाळूवर अर्धी पाण्यात उभी होती. नाळेवर हळदीचा डाग अजून होता.

"कुणाची होडी?" साहेबांनी विचारलं.

शहादेव पुढं झाला. त्यानं रात्रभर ठरवलं होतं. "साहेब, ही सटवाची. आमचीच. बारावी. मी त्या दिवशी..."

"थांबा अध्यक्ष." सुंदररावांनी पिशवीतून तो कागद काढला. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. "इथं तुमची सही आहे. दुसरी होडी नाही, असं तुम्ही लिहून दिलंय. ते खोटं असेल, तर मला आधी तुमच्यावर कारवाई करावी लागेल. सोसायटीही रद्द होईल. नीट आठवून सांगा. ही होडी तुमच्या माणसांची आहे?"

शहादेवनं तोंड उघडलं. जानकीबाई मागं उभी होती, तिनं त्याचा सदरा मुठीत धरला.

"आमची न्हाई साहेब," सटवा म्हणाला.

"तू तिच्यात होतास."

"व्हतो की. वाहत आलती. रिकामी दिसली, बसलो."

"पंजा घेऊन?"

"पंजा तिच्यातच व्हता." सटवानं होडीकडं पाहिलंसुद्धा नाही. "आमच्याकडं कुठली होडी? दादानं लिहून दिलंय की. दादा खोटं लिहीत न्हाई, कुणालाबी इचारा."

कारकुनानं साहेबांच्या तोंडाकडं पाहिलं. मग त्यानं लिहिलं, बेवारस होडी एक, मालक आढळला नाही. सटवाला परवान्याशिवाय पाण्यात उतरल्याचा दंड झाला, तो सोसायटीतून भरला. होडी कंपनीच्या ट्रकवर चढवायला चार माणसं कमी पडत होती. राखणदारांनी सटवाला हाक मारली, आणि सटवानं नाळेखाली खांदा दिला. जड होती. त्यानं एकदाही, सावकाश, असं म्हटलं नाही. परकी वस्तू उचलावी तशी उचलली.

त्याच आठवड्यात कंपनीला पंजा मारणारी माणसं हवी होती म्हणून मुकादम वस्तीत आला. निळ्या होड्या होत्या, पण गाळात शिंपला कुठं दाटीनं बसतो हे त्यांच्या माणसांना कळत नव्हतं. सटवा गेला. आणखी नऊ जण गेले. शिंपला निवडायला बायका हव्या होत्या, जानकीबाई गेली. रोज नक्की होता, आणि नागप्पाच्या भावापेक्षा बरा होता, हेही सांगायला हवं.

शहादेव तीन दिवस घरी बसून चौथ्या दिवशी गेला. मुकादमानं नाव विचारलं, वही पाहिली, मग त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही नको, अध्यक्ष," तो म्हणाला. "तुम्हाला कायदा लई कळतो."